एका गाडीपुरता रस्ता

परदेशात मोटार भाड्याने घेऊन ती स्वतः चालवण्याची हौस मला कधीच नव्हती. आगगाडीच्या खिडकीशी बसावे आणि बाहेरचा देश आपोआप सरकताना पाहावा, ही माझी प्रवासाची कल्पना. मोटार चालवणाराला देश फारसा दिसतच नाही. त्याला रस्ता दिसतो, आणि तोही पुढचा शंभर-दीडशे पावलांचा. एवढ्यासाठी विमानाचे भाडे खर्चून सातासमुद्रापलीकडे कशाला जायचे, असे मी परदेशच्या मोटारसफरींच्या कहाण्या सांगणाऱ्या मैत्रिणींना विचारीत असे. पण २०२४ च्या मे महिन्यात मी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात आठ दिवस मोटार चालवली, आणि तीसुद्धा केवळ एक रस्ता पाहण्यासाठी. त्या रस्त्याची लांबी पावणेदोन मैल आहे.

ही इच्छा माझी नव्हे, ह्यांची. हे रस्तेबांधणीच्या सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षे सातारा, रायगड आणि रत्नागिरी ह्या तीन जिल्ह्यांत गेली. त्यामुळे आमच्या घरी पाऊस हा कवितेचा विषय कधी झालाच नाही. पहिली सर आली की मातीच्या वासाने माझे मन प्रसन्न होई, आणि हे खिडकीत उभे राहून म्हणत, "आंबेनळीत आज दरड येणार." मध्यरात्री जीप येई, हे छत्री आणि विजेरी घेऊन निघून जात, आणि मी सकाळी शाळेत जाऊन मुलांना सह्याद्रीचा भूगोल शिकवी. भूगोल माझा आणि डोंगर ह्यांचे, अशी आमची वाटणी होती.

निवृत्तीनंतर मुलीने ह्यांना एक इंग्रजी पुस्तक पाठवले. रॉजर हचिन्सन ह्यांचे 'कॅलम्स रोड' हे ते पुस्तक, २००६ साली प्रसिद्ध झालेले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापाशी रासे नावाचे एक लांबट बेट आहे. तिथल्या कॅलम मॅक्लाउड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या वाडीला येणारा रस्ता जवळजवळ एकट्याने, हाताने बांधला, त्याची ती हकीकत. ह्यांनी ते पुस्तक दोनदा वाचले. तिसऱ्या खेपेला मी वाचून दाखवले, कारण तोवर एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याच्या जागी ह्यांची वाट चुकू लागली होती.

काचबिंदू हा मोठा कावेबाज रोग आहे. मधोमध दिसणारे तो बरेच दिवस शाबूत ठेवतो आणि गुपचूप कडा खात येतो. माणसाला वाटते, मला सगळे दिसते आहे; आणि मग एके दिवशी बाजूने आलेला सायकलवाला अंगावर येईपर्यंत दिसत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची. थेंब चालू झाले. ह्यांनी आपल्या रोगाचे वर्णन आपल्याच भाषेत केले : "साइडपट्ट्या खचल्यात. मधलं डांबर अजून ठीक आहे." त्या दिवसापासून ह्यांनी मोटारीची किल्ली खुंटीवरून काढली नाही. मी काही बोलले नाही, हेही काही बोलले नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षे घाटातून गाडी हाकलेल्या माणसाने एक शब्दही न बोलता किल्ली खुंटीवर ठेवावी, हे मला त्यांच्या रागावण्यापेक्षा जड गेले.

मुलगी ग्लासगोला नोकरी करते. ती म्हणाली, "आई, ऑगस्टमध्ये मला सुट्टी आहे, मी घेऊन जाईन. तिकडचे रस्ते एका गाडीपुरते असतात. तू कशाला धाडस करतेस?" तिचे म्हणणे अगदी रास्त होते. पण मे ते ऑगस्ट ह्या तीन महिन्यांचा हिशेब तिचा वेगळा आणि आमचा वेगळा. कडा रोज किती खाल्ल्या जातात, ह्याचे माप कोणाजवळच नव्हते. मी आर.टी.ओ.त जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढला. आपला भारतीय परवाना पाहुण्याला तिथे वर्षभर चालतो, पण गाडी भाड्याने देणाऱ्यांना हाही कागद जवळ असलेला बरा वाटतो.

गाडी देणाऱ्या कचेरीतला मुलगा अतिशय विनयशील होता. त्याने कागद तपासले, काचेला तडा गेला तर किती, चाक फुटले तर किती, हे सुरात म्हणून दाखवले, अनामत म्हणून माझ्या कार्डावरची एवढी रक्कम अडकवून ठेवली की तेवढ्यात आमच्या गावी बऱ्यापैकी जुनी दुचाकी आली असती, आणि मग हसून किल्ली ह्यांच्या हातात दिली. चालक म्हणून कागदावर नाव माझे होते, पण जगभरच्या मुलांना काही गोष्टी आपोआप समजतात. ह्यांनी किल्ली क्षणभर तळहातावर तोलली आणि मला दिली. "चला," म्हणाले.

इंग्रजांचे एक उपकार मानले पाहिजेत : त्यांनी आपल्याला डाव्या बाजूने चालायला शिकवले. त्यामुळे युरोपात गाडी चालवणाऱ्याला जी उजव्या-डाव्याची धास्ती असते, ती इथे नाही. ग्लासगोच्या बाहेरची गोल चौकांची माळ एकदा ओलांडली की रस्ता लॉख लोमंडच्या काठाने उत्तरेला जातो. लॉख म्हणजे सरोवर किंवा समुद्राचा आत शिरलेला फाटा. सरोवराच्या वरच्या अंगाला एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधून समोरून येणाऱ्या उतारूंच्या प्रचंड बसगाड्या. मी चाक घट्ट धरले होते, आणि डाव्या हाताला बसलेले हे उजव्या पायाने मोटारीचा तळ दाबीत होते. जिथे त्यांच्या मते ब्रेक लावायला हवा, तिथे त्यांचा पाय आपोआप दाबला जाई. असा नसलेला ब्रेक त्यांनी त्या दिवशी किती वेळा दाबला असेल, कोण जाणे. गाडी चालवणे सोडता येते, पण गाडी थांबवण्याची जबाबदारी सोडणे फार कठीण असते.

मात्र रस्त्याविषयी बोलू लागले की ह्यांचा पाय थांबे. म्हणून मी त्यांना बोलते ठेवले. ह्या डोंगरात आधी रस्ते नव्हतेच, ते म्हणाले. पायवाटा होत्या आणि गुरांचे कळप दक्षिणेच्या बाजाराला नेण्याच्या वाटा होत्या. १७१५ च्या बंडानंतर जनरल वेड ह्याने १७२५ पासून लष्करी रस्ते पाडायला आरंभ केला, ते डोंगरी टोळ्यांवर लाल डगल्याची पलटण चटकन धाडता यावी म्हणून. म्हणजे रस्ता आला तो लोकांसाठी नव्हे, लोकांवर आला. पुढे १८०३ साली सरकारने आयोग नेमला आणि टॉमस टेल्फर्ड ह्या इंजिनिअरने ह्या मुलखात सुमारे नऊशे मैल रस्ते आणि हजारावर लहानमोठे पूल बांधले. तोवर माणसे देश सोडून जाऊ लागली होती. रस्त्याच्या कामावर मजुरी मिळाली तर ती थांबतील, अशीही एक आशा त्यात होती. "आपल्याकडे दुष्काळी कामं काढतात तसंच," हे म्हणाले.

टेल्फर्डचे नाव निघाले की ह्यांना जॉन माल्कम आठवतो. हा दुवा मला ठाऊक नव्हता. टेल्फर्ड हा दक्षिण स्कॉटलंडच्या ईस्कडेल खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा मुलगा, १७५७ सालचा. त्याच खोऱ्यात बारा वर्षांनी सर जॉन माल्कम जन्मला. तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८३० साली, बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कम पेठ म्हणत ते ह्याच्याच नावावरून. एका लहानशा खोऱ्यातली दोन मुले. एकाने स्कॉटलंडचा डोंगर चाकाखाली आणला, दुसऱ्याच्या अमदानीत सह्याद्री चाकाखाली आला. ह्यांची सगळी नोकरी माल्कम पेठेच्या आसपासच्या घाटांत गेली. आपल्या साहेबाच्या साहेबाच्या गावी आल्यासारखे त्यांना वाटत असावे.

इन्व्हरगॅरीवरून पश्चिमेला वळल्यावर मुलूख उघडाबोडका होतो. लॉख लॉइनच्या धरणाच्या पाण्याखाली जुना रस्ता आणि त्याचे पूल बुडालेले आहेत. पाणी फार उतरले की ते वर दिसतात. कोयनेच्या पाण्याखालीही असे रस्ते आहेत. नंतर येतो स्कायचा पूल. १९९५ साली तो झाला तेव्हा त्यावर टोल होता. लोकांनी तो द्यायचे नाकारले, खटले झाले, काहींना शिक्षाही झाल्या, आणि २००४ च्या अखेरीस सरकारने पूल विकत घेऊन टोल बंद केला. कोल्हापूरच्या वाचकांना ह्यात नवे काही वाटणार नाही.

स्काय बेटावर ब्रॉडफर्ड नावाच्या गावी आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम एल्गोलच्या वाटेला लागलो. रासेला जाण्यापूर्वी मला एका गाडीपुरत्या रस्त्याचा सराव हवा होता. एल्गोलला जाणारा पंधरा-एक मैलांचा रस्ता खरोखरच एका गाडीपुरता आहे. दोन्ही बाजूंना गवत, गवतात मेंढ्या, मेंढ्यांची कोकरे, आणि मध्येच रस्त्यावर जाळीचा पूल घातलेला. त्यावरून गाडीची चाके खडखडत जातात पण गुरांचे पाय जाऊ शकत नाहीत. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला एका बाजूला पोट सुटल्यासारखा फुगवटा असतो आणि त्याच्याशी एक पांढरी पाटी. तिला तिथे पासिंग प्लेस म्हणतात. समोरून गाडी दिसली की ज्याला फुगवटा जवळ असेल त्याने थांबायचे. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचे. उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर रस्त्यावरच उभे राहायचे आणि येणाऱ्याला आत शिरू द्यायचे. मागून कोणी घाईचा माणूस आला तर त्यालाही तिथेच वाट द्यायची. चढ चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमही तिथल्या पुस्तकात आहे. तो वाचून हे खूष झाले. आपल्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांना तो कोणी शिकवावा लागत नसे.

गंमत अशी की ह्या रस्त्यावर ताशी साठ मैलांची परवानगी आहे. तशी खूण असलेली पाटी पाहून मला हसू आले. परवानगी साठाची आणि छाती विसाची. पण थोड्याच वेळात लक्षात आले, की इथे वेग ठरवणारी पाटी नसून समोरचे वळण असते. वळणापलीकडे कोणीतरी आहेच, असे धरून चालायचे. त्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तो दिसत नाही. तरी दोघांनी एकमेकांची कल्पना करून आधीच पाय सैल करायचा. सभ्यपणाची ह्याहून सोपी व्याख्या मला माझ्या शाळेतल्या मुलांना कधी सांगता आली नव्हती.

आणि वाट मिळाली की हात वर करायचा. ह्या हात करण्याचेही प्रकार आहेत. पाहुणे सगळा पंजा हलवतात, बोटीवरून निरोप घेतल्यासारखा. गावचे लोक चाकावरचा हात न काढता एकच बोट उचलतात. मेंढ्यांची गाडी घेऊन जाणारा एक म्हातारा तर नुसती हनुवटी तसूभर वर करी. दोन दिवसांत मी पंजावरून दोन बोटांपर्यंत आले.

त्या वाटेवर एका चढाच्या माथ्यावरून आम्ही खाली उतरत असताना समोरून टपालाची लाल गाडी वर येत होती. चढ तिचा होता. आमच्या मागे साठ-सत्तर हात अंतरावर फुगवटा होता आणि तोही डाव्या वळणावर. मला गाडी मागे घ्यायची होती. उजवीकडे खडक होता, तो मला आरशात दिसत होता. डावीकडे गवताखाली चर होता आणि तो किती खोल आहे हे गवत सांगत नव्हते. डावी बाजू ह्यांची. ह्यांच्या ज्या नजरेने मोजून मोजून घाटाच्या कडा आखल्या, तिलाच आता कडा दिसत नव्हत्या.

मी काही म्हणायच्या आत ह्यांनी काच खाली केली, डोके बाहेर काढले, आणि सबंध मान वळवून, उरलेल्या त्या मधल्या नजरेचा तुकडा नेमका मागच्या चाकावर नेऊन ठेवला. "ये," म्हणाले. "सरळ. दीड फूट आहे. ये. एक फूट. आता थोडं उजवीकडे. थांब. हं, ये." जीपच्या मागे उभे राहून रोलरच्या ड्रायव्हरला ज्या आवाजात सांगत, तोच आवाज. मी आरशात पाहणे सोडून दिले आणि त्या आवाजाच्या मागे मागे गेले. गाडी फुगवट्यात शिरली. टपालवाल्याने जाताना एक बोट उचलले. ह्यांनी काच वर केली आणि रुमालाने डोळे पुसले. वारा बोचरा होता. त्यानंतर त्यांच्या पायाने गाडीचा तळ दाबला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्कॉन्सरहून फेरीबोटीने रासेला गेलो. पंचवीस मिनिटांचा प्रवास. बोट डिझेल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते, २०१३ पासून ती ह्या फेरीवर आहे, आणि तिचे नाव 'हॅलेग'. हॅलेग हे रासेवरचे एक ओसाड गाव आहे. ह्याच बेटावर १९११ साली जन्मलेले गेलिक भाषेचे थोर कवी सॉर्ली मॅक्लीन ह्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेचे नावही तेच.

गाव ओसाड कसे पडले हे कळल्याशिवाय कॅलमचा रस्ता कळत नाही. १८४६ साली जॉर्ज रेनी नावाच्या गृहस्थाने हे बेट विकत घेतले. दक्षिण अमेरिकेतल्या डेमरारातल्या गुलामांच्या मळ्यांतून आलेला पैसा त्याच्यापाशी होता. त्याला माणसांपेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटल्या. १८५२ ते १८५४ च्या दरम्यान डझनभर गावे रिकामी करण्यात आली आणि पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलियाच्या जहाजांवर चढली. उरलेल्यांना बेटाच्या उत्तर टोकाच्या खडकाळ जमिनीत रेटण्यात आले आणि मेंढ्यांच्या चांगल्या कुरणात ती येऊ नयेत म्हणून बेटावर आडवी भिंत घालण्यात आली. रेनीने तरुणांना लग्न करण्याचीही मनाई केली होती, अशी साक्ष बेटावरच्या लोकांनी १८८३ साली सरकारी आयोगापुढे दिली. पुढे दक्षिणेत रस्ता झाला, तो वर ब्रॉखेलच्या पडक्या किल्ल्यापर्यंत आला आणि थांबला. भिंतीपलीकडच्या लोकांच्या वाटेला पायवाटच राहिली. अनेक वर्षे अर्ज गेले, अर्ज परत आले. वाड्या रिकाम्या होत गेल्या. आणि माणसे कमी म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून माणसे कमी, असा तो फेरा चालू राहिला.

आर्निश वाडीचा कॅलम मॅक्लाउड टपाल वाटी, शेती करी, जवळच्या रोना बेटावरच्या दीपगृहाचे काम पाही. टॉमस एटकेन ह्या इंजिनिअरचे रस्तेबांधणीवरचे १९०० सालचे जुने पुस्तक त्याने अडीच शिलिंगला विकत घेतले आणि साठाच्या दशकाच्या मध्याला, पन्नाशी उलटल्यावर, कुदळ, फावडे, कुऱ्हाड आणि एकचाकी हातगाडी घेऊन ब्रॉखेलपासून काम सुरू केले. सुरुवातीच्या सुरुंगकामाला शेतकी खात्याने यंत्र, दारू आणि माणसे दिली. बाकी सारे त्याने केले. सुमारे दहा वर्षे लागली. १९७४ च्या सुमारास रस्ता आर्निशला पोहोचला, तेव्हा वाडीत तो आणि त्याची बायको लेक्सी अशी दोनच माणसे उरली होती. आणखी काही वर्षांनी, १९८२ साली, सरकारने तो रस्ता ताब्यात घेऊन त्यावर डांबर घातले. कॅलम १९८८ साली वारला.

ब्रॉखेलपाशी गाडी वळली तेव्हा ऊन पडले होते. किल्ल्याचा सुळका, त्याच्यापलीकडे निळा समुद्र आणि समुद्रापार मुख्य भूमीचे डोंगर. कॅलमच्या नावाचा दगड रस्त्याच्या तोंडाशीच आहे. तिथून रस्ता सुसरीच्या पाठीसारखा खाली जातो, वर येतो, खडकाला वळसा घालतो. पावणेदोन मैलांना मला अर्धा तास लागला, कारण हे दर थोड्या अंतरावर "थांब" म्हणत आणि काठी घेऊन उतरत. माणसे देवळात जशी सगळे पाहून घेतात तसे ह्यांचे चालले होते. काठीचे टोक डांबराच्या कडेवरून ओढीत जात, चर लागला की थांबत, चराची खोली काठीवर मोजत. मोरीशी वाकून दगडावर हात फिरवीत. "बघ," म्हणाले, "पाणी कुठेही रस्त्यावर येऊ दिलेलं नाही. रस्ता काय कोणीही करतो. पाणी काढून देतो तो इंजिनिअर." थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्याकडे मैलकुली असायचा. एकेका मैलाची जबाबदारी एकेका माणसावर. तो रोज आपला मैल चालायचा, चर साफ करायचा, खड्डा भरायचा. ह्या माणसात मैलकुली, मुकादम आणि एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर एकत्र जन्माला आले होते."

कडेला काय आहे ते मी त्यांना सांगत होते. उजवीकडे खडक, त्यावर शेवाळ. डावीकडे हाताने रचलेली दगडी भिंत, तिच्याखाली बर्चची झाडे, कोवळ्या पानांची. त्याच्याखाली पाणी. हे मान हलवीत. एका उंचवट्यावर आम्ही बसलो, आणि मी मनात आलेले बोलून गेले : "पण अहो, शेवटी हा झाला कुणासाठी? दोन माणसांसाठी?"

हे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला एका वाडीची गोष्ट सांगितली. ती मी लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाल्यावर प्रथमच ऐकत होते. घाटाखालची तीस उंबऱ्यांची वाडी. रस्ता नव्हता, आजारी माणूस डालात घालून खाली आणावे लागे. ह्यांनी स्वतः चालून आखणी केली, अंदाजपत्रक केले. ते वरून चार वेळा परत आले. लोकसंख्या कमी पडत होती. पाचव्या वेळी, अकरा वर्षांनी, मंजूर झाले. काम झाले, खडी पडली, डांबर पडले, आणि उद्घाटनाला हे गेले तेव्हा तीस घरांपैकी बावीस घरांना कुलपे होती. लोक मुंबईला गेले होते. रस्ता झाल्यावर नव्हे, रस्ता होईल ह्याची वाट पाहून पाहून.

"एका म्हातारीनं मला गूळ-पाणी दिलं," हे म्हणाले. "म्हणाली, साहेब, आता पोरगा गणपतीला गाडी दारापर्यंत आणील. तिच्यासाठी रस्ता झाला. एकीसाठी झाला, असं धरलं तरी झाला. रस्ता कुणासाठी हे मोजायला बसलं की तो परत येतो, कागदावरच." काठीने त्यांनी कॅलमच्या डांबरावर दोनदा ठोकले. "ह्यानं मोजलं नाही."

मी त्यावर काही बोलले नाही. शाळेत तीस वर्षे मी लोकसंख्येची घनता शिकवली. दर चौरस मैली माणसे किती, हे नकाशावर रंगवून घेतले. जिथे रंग सर्वांत फिका, तिथे काय असते हे मी आज पाहत होते. तिथे मोऱ्या असतात, नीट बांधलेल्या.

आर्निशला रस्ता संपतो. पुढे पायवाट आहे, ती आम्ही चाललो नाही. गाडी वळवून परत निघालो तेव्हा ऊन कलले होते आणि शेवटची बोट गाठायची होती. ब्रॉखेलच्या चढाखाली मला समोरून एक छोटी गाडी येताना दिसली. तिच्यात दोन तरुण मुली होत्या आणि चालवणारीने माझ्यासारखेच चाक दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. फुगवटा माझ्याजवळ होता. चढ माझा होता, तरी मी आत शिरले आणि थांबले. ती हळूहळू आली, बाजूने गेली आणि तिने सबंध पंजा वर केला, हसून. मी दोन बोटे उचलली. डावीकडे पाहते तो ह्यांचाही हात वर होता, सरळ समोर, रिकाम्या रस्त्याकडे. ती गाडी त्यांना दिसली होती, की माझा हात वर गेल्याचे जाणवून त्यांनी आपला वर केला होता, हे मी विचारले नाही. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.